बिल्ला मोडीत घालण्याआधी



आज आम्हाला बोलायचंय एका लहानशा चकतीबद्दल. पितळेची, ॲल्युमिनियमची, नाहीतर साध्या पत्र्याची चकती. तिच्यावर गावाचं नाव, एखादा नंबर, कधीकधी वर्षही ठोकलेलं. आपल्याकडं तिला बिल्ला म्हणतात. शहरातली माणसं टोकन म्हणतात.

हा बिल्ला कुठं असतो, ते तुम्हाला सांगायला नको. प्रत्येक घरात एक डबा असतोच. त्यात तुटकी किल्ली, शर्टाची बटणं, जुनी पैसे-दहा पैशांची नाणी, मिक्सरचा जुना वायसर, असलं सगळं पडलेलं. दिवाळीच्या आधी तो डबा आपण उपडा करतो, आणि भंगारवाला दारात आला की त्यातलं पितळ वेगळं काढून वजनावर घालतो. घरातलं काय ठेवायचं आणि काय मोडीत घालायचं हे बहुतेक बाईच ठरवते. म्हणूनच हा विषय आम्ही तुमच्यापुढं आणलाय. गावाच्या आठवणीचा हा एक तुकडा राहणार की वितळणार, ते तुमच्या हातात आहे.

आधी हे बिल्ले आले कुठून ते बघू. आपल्या जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, नळदुर्ग, मुरूम, कळंब, भूम आणि परंडा अशा आठ नगरपरिषदा आहेत. लोहारा आणि वाशीला नगरपंचायती आहेत. गावाचा कारभार चालवायला पैसा लागतो, आणि तो कर आणि फी यांतून येतो. १९६५ च्या महाराष्ट्राच्या नगरपरिषद कायद्यात वाहनांवर, अगदी पाळलेल्या कुत्र्यांवरसुद्धा कर बसवायची मुभा आहे. राज्यातल्या कितीतरी गावांत एके काळी सायकलवर वर्षाला कर असायचा. कर भरला की पालिका बिल्ला द्यायची, आणि तो सायकलला लावून ठेवावा लागायचा. दुसऱ्या वर्षी दुसरा बिल्ला. एका वर्षी गोल, दुसऱ्या वर्षी तिकोनी, असा आकार बदलला की तपासणाऱ्याला लांबूनच कळायचं, कुणी भरलाय आणि कुणी चुकवलाय.

तसाच हमालाचा बिल्ला, टांगेवाल्याचा बिल्ला, हातगाडीचा बिल्ला. हा माणूस इथं धंदा करू शकतो, याची नोंद आहे, यानं फी भरली आहे, एवढं सगळं ती चकती सांगायची.

कुणी म्हणेल, पावती का नाही दिली? पावती देतच होते. पण हमालाच्या खिशात घामानं कागदाचा लगदा होतो. पावसात शाई जाते. आणि ज्याला वाचता येत नाही त्याला दहा कागदांतला आपला कागद ओळखायचा कसा? बिल्ला हाताला कळतो. दंडाला बांधता येतो, सदऱ्याला टाचता येतो. हातावर पोट असणाऱ्याला तेच सोयीचं होतं.

आता एक गोष्ट सांगतो. आमच्या गटातल्या एका आजींकडं असा एक हमालाचा बिल्ला निघाला. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. आम्ही विचारलं, आजी, हा कुणाचा? त्या हसल्या. जुन्या वळणाच्या बाई, नवऱ्याचं नाव काही त्या तोंडानं घेईनात. उखाणा घ्या म्हटलं तरी घेईनात. पण बिल्ल्याकडं न बघता नंबर मात्र धडाधड सांगितला, "एकशे सत्तावीस." मग सांगायला लागल्या. बाजाराच्या दिवशी भाकरी घेऊन गेलं की अडतीच्या दारात उभं राहून हाच नंबर सांगायचा, मग आतून कुणीतरी त्यांना हाक मारायचं. पोत्याला काय मिळायचं, पाठीला काय व्हायचं, सुगीत रात्री किती वाजायचे, सगळं त्या एका चकतीवरून निघालं. बिल्ला नसता तर आम्ही हे विचारलंही नसतं, आणि त्यांनी सांगितलंही नसतं.

आमचं म्हणणं एवढंच आहे. मोठ्या माणसांची नावं कोनशिलेवर असतात. राजांची नावं नाण्यांवर असतात. हमाल, टांगेवाला, हातगाडीवाला, यांचं धातूवर उमटलेलं काही असेल तर तो हा बिल्ला. आणि त्यावर नाव नसतं, नंबर असतो. नंबरामागचा माणूस कोण, हे फक्त घरच्यांना माहीत असतं. ती सांगणारी बाई गेली की बिल्ला मुका होतो.

नाणं आणि बिल्ला यांत फरक काय, तेही समजून घेऊ. नाण्यामागं सरकार उभं असतं, म्हणून ते गावोगाव चालतं. बिल्ल्यामागं फक्त एक गाव, एक बाजार, एक कचेरी असते. तिथल्या लोकांनी मानलं तोवर त्याला किंमत. आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना हा फरक चांगला ठाऊक होता, कारण इथं दोन-दोन रुपये चालायचे. आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. इथला रुपया हाली, आणि शेजारी सोलापूर जिल्ह्यात इंग्रजांचा रुपया, म्हणजे कलदार. हालीचे ११६ रुपये १० आणे ८ पै दिले की कलदार १०० रुपये मिळायचे. सोप्या हिशेबात सांगायचं तर सात हालीला सहा कलदार. परंड्याहून बार्शीच्या बाजाराला जाणाऱ्याला हद्द ओलांडली की हा हिशेब करावाच लागायचा. चारमिनारचं चित्र असलेला तो रुपया अजून काही घरांत देवाच्या पेटीत असतो. हैदराबाद संस्थान १९४८ च्या सप्टेंबरात भारतात आलं, १ एप्रिल १९५७ पासून देशात आणे-पै जाऊन रुपयाचे १०० नवे पैसे झाले, आणि हाली रुपयाही मागं पडला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धातूची चणचण होती. तेव्हा, १९४३ पासून, इंग्रज सरकारनं मधे मोठं भोक असलेला तांब्याचा पैसा काढला. तेवढंच तांबं वाचलं. तो भोकाचा पैसा लेकरांच्या करगोट्यात ओवलेला तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्याच काळात सुट्या पैशांची एवढी टंचाई झाली की काही संस्थानांनी नाण्यांऐवजी पुठ्ठ्याची कुपनं चालवली. आणि आपल्या डोळ्यांसमोरची गोष्ट म्हणजे दहा रुपयांचं नाणं. मराठवाड्यात कितीतरी दुकानदार ते घेईनात. खोटं आहे म्हणायचे. रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये सांगावं लागलं की दहा रुपयांची चौदा प्रकारची नाणी काढली आहेत आणि सगळी कायद्यानं चालतात. सरकारचा शिक्का असूनही लोकांनी मानलं नाही तर नाणं अडतं. मग गावाच्या बिल्ल्याचं तर सगळं चालणं लोकांच्या मानण्यावरच.

आता थोडं लांब जाऊ, इंग्लंडला. लांब जायचं कारण आहे, ते ऐका. तिथं साधारण १६४८ ते १६७२ या काळात सरकारी टाकसाळ गरिबाला लागणारे सुटे पैसे पुरेसे पाडत नव्हती. पाव, बिअर, मेणबत्ती घ्यायला चिल्लरच नाही. तेव्हा गावोगावच्या दुकानदारांनी आपापली टोकनं पाडली. काही गावांत तर नगरपालिकेनंच पाडली. ब्रिस्टल हे त्यातलं एक मोठं गाव. पुढं १६७२ मध्ये राजानं तांब्याची नाणी काढली आणि खासगी टोकनांवर बंदी घातली. पण हजारो टोकनं मागं राहिली, आणि त्यांवरून आज कळतं, कोणत्या गल्लीत कोण काय विकत होतं.

आम्हाला त्यातली आवडलेली गोष्ट अशी. त्या दुकानदारांच्या बऱ्याच टोकनांवर तीन अक्षरं असतात. वर आडनावाचं, खाली एक नवऱ्याच्या नावाचं आणि एक बायकोच्या नावाचं. दुकान दोघांचं, तर टोकनावर अक्षरंही दोघांची. काही टोकनं तर विधवा बायकांनी स्वतःच्या नावानं काढलेली आहेत. साडेतीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. आपल्याकडं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावायचा निर्णय झाला, तेव्हा आपल्याला किती बरं वाटलं! नाव कुठंतरी उमटलेलं असणं याला मोल आहे. आपल्या बाजारात भाजी, गवऱ्या, बांगड्या, मडकी विकणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या तहबाजारी भरत आल्या. ती कागदाची पावती संध्याकाळी चुलीत जायची. त्यांचं काही राहिलं नाही. म्हणून जे राहिलंय ते जपायचं.

कुणी म्हणेल, हे संग्रह करणं शिकल्यासवरल्या शहरी माणसांचं काम. तर मैत्रिणींनो, तेरला जाऊन या. आपलंच तेर, गोरोबाकाकांचं. दोन हजार वर्षांपूर्वी त्याचं नाव होतं तगर. त्या काळच्या एका परदेशी खलाशानं लिहून ठेवलंय की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठं शहर आहे, आणि तिथून कापडचोपड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरात येतं. तेरच्या पांढरीतून सातवाहनांची नाणी, मातीच्या मूर्ती, मणी निघत आले. पाऊस पडून माती वाहिली की वर यायचं. लेकरं खेळायला न्यायची, कुणी फेकून द्यायचं. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी ते गोळा करायला सुरुवात केली. गावकऱ्याला सापडलेला मणी, खापर, नाणं सांभाळून ठेवत ठेवत हजारो वस्तू जमल्या. आज तेरला त्यांच्या नावानं सरकारी संग्रहालय उभं आहे आणि देशोदेशीचे अभ्यासक ते बघायला येतात. गावातल्या माणसानं गावात राहून केलेलं काम आहे ते.

तेर आणखी एक गोष्ट शिकवतं. तिथं १९५८ साली पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी शास्त्रशुद्ध खोदकाम केलं. खोदताना कोणती वस्तू कोणत्या थरात, कशाच्या शेजारी मिळाली हे लिहून ठेवतात. त्यावरून तिचा काळ आणि उपयोग कळतो. वाहून वर आलेल्या वस्तूला ही माहिती नसते. वस्तू तीच, पण तिची निम्मी गोष्ट गेलेली. आपल्या बिल्ल्याचंही तसंच आहे. दुकानात विकत मिळालेला बिल्ला म्हणजे नुसतं पितळ. कुणाच्या घरात, कुणाच्या हातचा हे माहीत असलेला बिल्ला म्हणजे इतिहास.

तर करायचं काय? आमच्या गटानं एक साधी वही घातली आहे. शंभर पानी. बचतगटाची नोंदवही लिहितो तशीच. डब्यात बिल्ला, टोकन, जुनं नाणं काहीही निघालं की पाच गोष्टी लिहायच्या.

पहिली, त्यावर काय काय लिहिलंय. अक्षर मोडी, उर्दू, इंग्रजी असेल आणि वाचता येत नसेल तर जसं दिसतं तसं काढायचं. दुसरी, ते कुणाच्या घरचं. तिसरी, ते कशासाठी वापरायचे. चौथी, साधारण कोणत्या सालचं. साल आठवत नसेल तर "बहात्तरच्या दुष्काळाआधी", "भूकंपानंतर", "थोरलीच्या लग्नाच्या वर्षी" असं लिहिलं तरी चालतं. आपल्या भागात काळ मोजायची ती चांगली खूण आहे. पाचवी, ही माहिती कुणी सांगितली आणि कधी.

शेजारी त्या बिल्ल्याचा छाप घ्यायचा. बिल्ल्यावर कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी घासायची, लेकरं रुपयाचा छाप काढतात तशी. फोटोपेक्षा कधीकधी तोच छाप स्वच्छ येतो. फोन असेल तर दोन्ही बाजूंचा फोटोही घ्या, आणि शेजारी मोजपट्टी ठेवा म्हणजे आकार कळतो.

एक गोष्ट मात्र करू नका. बिल्ला घासू नका. आपला हात लगेच चिंचेकडं जातो. चिंच, लिंबू, राख, पावडर यांतलं काही लावू नका. तांब्या-पितळेची भांडी घासायचीच असतात, कारण त्यांत पाणी प्यायचं असतं. बिल्ला घासला की वरचा जुना रंग जातो, बारीक अक्षर झिजतं आणि जाणकाराला तो ओळखता येत नाही. मऊ सुती फडक्यानं धूळ पुसायची, कोरड्या कागदाच्या पाकिटात ठेवायचा आणि पाकिटावर वहीतला नंबर टाकायचा. बस्स.

आता पैशाचं बोलू. कारण पहिला प्रश्न तोच येतो, याचे किती मिळतील? सायकलच्या, हमालाच्या बिल्ल्याचे लाख रुपये येत नाहीत, हे आधीच सांगतो. जमवणारे हौशी लोक आहेत, ते थोडेफार पैसे देतात. पण "तुमच्याकडचं जुनं नाणं लाखाला घेतो, आधी नोंदणीची फी भरा, मग कमिशन भरा, मग कर भरा" असा फोन आला तर फोन ठेवून द्या. हे लोक रिझर्व्ह बँकेचं नावही वापरतात. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलंय की जुनी नाणी-नोटा विकत घेण्याचा व्यवहार बँक करत नाही, आणि त्यासाठी कुणाकडून फी किंवा कमिशन मागत नाही. घेणारा पैसे देतो, मागत नाही. एवढं सूत्र लक्षात ठेवा. ओटीपी सांगू नका. पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नका, लगेच १९३० या नंबरवर तक्रार करा. जितक्या लवकर सांगाल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

आणि खुरपताना, पाया खणताना जमिनीत पुरलेली नाणी निघाली तर? ती गोष्ट वेगळी. त्याला १८७८ चा निखात निधीचा कायदा लागतो. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत पुरलेलं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. लोक घाबरून लपवतात किंवा सोनाराकडं गुपचूप वितळवतात. पण त्या कायद्यात सापडवणाऱ्याचा हक्कही लिहिलाय. चौकशी होऊन त्या वस्तूला मूळ मालक नाही असं ठरलं, आणि आधी काही वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे आणि एक हिस्सा जमीनमालकाचा. सरकारला ती वस्तू हवी असेल तर किंमत देऊन घेता येते. लपवलं तर मात्र हक्कही जातो आणि गुन्हाही होतो. दुसऱ्याच्या रानात रोजानं जाणाऱ्या बाईनं हे नीट लक्षात ठेवावं. कळवणं तिच्याच फायद्याचं आहे.

काही जणींच्या घरी खरंच अडचण असते. दोन किलो मोड घातली तर भाजीचे पैसे सुटतात. आम्ही कुणाला दोष देत नाही. मोडीत घालायचं असेल तर घाला. फक्त त्याआधी दहा मिनिटं द्या. छाप घ्या, पाच गोष्टी लिहा, मग द्या. पितळ गेलं तरी गोष्ट राहील.

आणि असे बिल्ले आजही निघतात बरं का. काही गावांत शुद्ध पाण्याच्या यंत्राला ग्रामपंचायतीचं कार्ड लागतं, ते लावलं की घागर भरते. दवाखान्यात नंबराचं टोकन मिळतं. नगरपरिषदांच्या कागदांवरून, पाट्यांवरून "उस्मानाबाद" जाऊन आता "धाराशिव" आलंय. दहा-वीस वर्षांनी लेकरं विचारतील, पाण्याला कार्ड कशाला लागायचं? त्याचं उत्तर तुमच्या वहीत असू द्या.

येत्या महिन्याच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्यांचा विषय संपला की अर्धा तास यासाठी ठेवा. प्रत्येकीनं डब्यातली एक वस्तू आणावी. गटातली सगळ्यात म्हातारी बाई आधी बोलेल, शाळेत जाणारी पोरगी लिहून घेईल. वही गटाच्या पेटीत ठेवा. एक प्रत गावातल्या शाळेला द्या, गुरुजींना लेकरांना शिकवायला उपयोगी पडेल. वर्षाच्या शेवटी गावाला एकदा दाखवा. बिल्ला ज्याच्या घरचा असेल त्याच्याच घरी परत जाऊ द्या. वही मात्र सगळ्यांची.

त्या आजींच्या बिल्ल्याचं पान आमच्या वहीत पहिलं आहे. नाव लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी नातीच्या हातून पेन घेतलं. अक्षर येत नव्हतं, म्हणून अंगठा पुढं केला आणि म्हणाल्या, नाव तू लिही, अंगठा माझा. नातीनं आजोबांचं नाव लिहिलं, आणि शेजारी आजीचंही.

तुमच्या डब्यात काय निघालं ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी तेच इथून सगळ्यांना ऐकवू.